टनिक्लिफ हाउसचा झोपाळू डोळा

१

विल्फचे नवे बूट खोक्यातच होते. ते खोकं छातीशी धरून हेट्टी रविवारी सकाळी बापाच्या दारात उभी होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बाबा, बघा ना, बूट घरातच आहेत."

जोस बार्डस्लीनं आधी लेकीकडे पाहिलं. दिवस भरत आलेले, डोळे सुजलेले, पायांत घरातल्या सपाता. एवढं अंतर ती तशीच चालत आली होती. त्यानं तिला ओढून खुर्चीत बसवलं, चहाचं आधण ठेवलं, आणि मगच बुटांकडे बघितलं. तपकिरी, चकचकीत, तळवे अजून कोरे.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिटचा सण आला की मँचेस्टरात माणूस उपाशी राहील, पण अंगावर नवं काहीतरी चढवीलच. मंदीनं गिरण्यांची धुराडी थंड पडली होती, तरी गल्लीगल्लीतल्या आया पोरींचे पांढरे झगे शिवत बसल्या होत्या. अशा वेळी कुणी नवे बूट टाकून जातं होय?

"काल दुपारी घरी यायचा होता," हेट्टी म्हणाली. "रात्रभर वाट बघितली. पहाटे पोलीस ठाण्यात गेले तर तुमचा तो डकवर्थ म्हणतो, वखार बघून येतो, पण बाई, हल्ली पुष्कळ नवरे पळतात. मूल येणार म्हटलं की घाबरतात."

"डकवर्थ मूर्ख आहे. माझ्या हाताखाली होता तेव्हाही होता."

"मग विल्फ कुठंय?"

गुन्हे शाखेतून बार्डस्ली निवृत्त झाला त्याला बरीच वर्षं झाली होती आणि गुडघे तर त्याच्याही आधी निवृत्त झाले होते. त्याचा जावई एका वास्तुविशारदाकडे मोजणीचं काम करी. टनिक्लिफ हाउस ही कापडाच्या व्यापाऱ्यांची जुनी वखार विकायला निघाली होती आणि आठवडाभर विल्फ फीत घेऊन ती मोजत होता. शनिवारी दुपारी सगळ्या वखारी व्हिटच्या आठवड्यासाठी बंद झाल्या. त्याच दुपारपासून विल्फचा पत्ता नव्हता.

"शेवटचं काय बोलला तुझ्याशी?"

"काही नाही हो. नेहमीची थट्टा. तुम्ही पोलीस शिपाई असताना त्या इमारतीच्या खिडकीला, झोपाळू डोळ्याला सलाम ठोकायचात ना? लग्नात सांगितलं होतंत तुम्ही. तर हाही रोज ठोकतो म्हणे." हेट्टीचं हसू अर्ध्यातच रडं झालं. "आणि म्हणाला, हेट्टी, ते घर बाहेरून मोठं आहे आणि आतून लहान. काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, तुझी फीत आखडली असेल."

चहा तसाच टाकून बार्डस्लीनं टोपी उचलली. "तू झोप इथं," तो म्हणाला.

"झोप कसली! मीही येणार," हेट्टी म्हणाली आणि सपाता फटफट वाजवत त्याच्या पुढे निघालीसुद्धा.

२

टनिक्लिफ हाउस म्हणजे कापडवाल्यांचा राजवाडा. खाली ग्रॅनाइटचे दांडगे चिरे, वर कोरीव खिडक्यांच्या रांगा, मधोमध कमान आणि कमानीखाली रुंद पायऱ्या. सगळं काजळीनं काळंकुट्ट. पुढचं दार आणि संगमरवरी जिना गिऱ्हाइकांसाठी. नोकरमाणसांनी मागच्या अंगणातून यायचं आणि अरुंद जिन्यानं चढायचं, ही थोरल्या टनिक्लिफची शिस्त. तो मेला तरी शिस्त राहिली.

हेट्टीला समोरच्या बाकावर बसवून बार्डस्ली कमानीखाली गेला. पायऱ्या नुकत्याच दगडानं घासून त्यांच्या कडा पिवळसर रंगवल्या होत्या. लँकेशायरच्या आईच्या पोटी जन्मलेला माणूस ठसा उमटेल म्हणून असल्या पायरीवर पाय द्यायला धजत नाही. तोही थबकला.

"इकडून, साहेब. अंगणातून यावं लागेल," मागून आवाज आला.

हा लोमॅक्स, वखारीचा मुख्य कारभारी. उंच, सडपातळ, काळा कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. बोलणं इतकं अदबशीर की समोरच्याला आपलेच बूट मळके वाटावेत. बार्डस्लीच्या नजरेला मात्र दुसरंच काही खुपलं. लोमॅक्सच्या पांढऱ्या कॉलरवर करडी रेघ उमटली होती आणि दाढीचे खुंट वर आले होते. सुट्टी आहे, असेल बुवा, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"इन्स्पेक्टर डकवर्थ सकाळीच तळघरापासून माळ्यापर्यंत बघून गेले," लोमॅक्स म्हणाला. "आपणही बघा. बिचाऱ्या मुलीकडे बघवत नाही."

दुसऱ्या मजल्यावर नमुन्यांचं दालन होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबलचक टेबलं, त्यांवर झाकलेले कापडाचे तागे, आणि प्रत्येक खिडकीवर खालपर्यंत ओढलेला फिका पडदा. उजेड सायीसारखा पिवळट झाला होता.

"एकही फट नाही," बार्डस्ली म्हणाला.

लोमॅक्सचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "व्हिटला आठवडाभर कुणी नसतं. ऊन आलं की माल विटतो. खोली सोडली की पडदा, ही थोरल्या मालकांची शिकवण. मी पोऱ्या म्हणून लागलो तेव्हापासून सगळे पडदे मीच ओढतो."

"तुम्ही स्वतः? एवढे मोठे कारभारी?"

"दुसऱ्याच्या हातचा वाकडा बसतो, साहेब."

"माझ्या जावयाला शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच. शनिवारी दुपारी पडदे ओढून मी खाली आलो तर ते संगमरवरी जिना उतरत होते. मला टोपी उचलून नमस्कार केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. कोट अंगावर होता."

"नक्की पुढच्याच दारानं?"

"माझ्या डोळ्यांसमोर," लोमॅक्स म्हणाला. हातातला जुडगा मात्र उगाचच वाजत होता.

३

वखारीचा राखणदार एनॉक क्लेग तळघरातल्या खोलीत राही. बार्डस्ली आला तेव्हा तो बटाटा भरलेली पेस्ट्री चमच्यानं खात बसला होता. त्याच्या तोंडाला बिअरचा वास होता आणि जिभेला हाड नव्हतं.

"पुढच्या दारानं? लोमॅक्ससाहेब म्हणाले असं?" क्लेगनं चमचा खाली ठेवला. "मग तुमच्या जावयाला पंख फुटले असणार बघा."

"नीट सांग."

"अहो, शनिवारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं, तशी मी बादली घेऊन पायऱ्यांवर बसलो. घासल्या, दगड फिरवला. मग समोरच्या गुत्त्याच्या दारात ग्लास घेऊन बसलो, पायऱ्यांवर नजर ठेवून. कुणी गाढवानं ओल्या पायरीवर पाय दिला तर त्याची तंगडी मोडायची, हा माझा व्हिटचा कार्यक्रम. संध्याकाळपर्यंत चिमणीसुद्धा बसली नाही. आजही जाऊन बघा, कडा कोऱ्या आहेत."

"बघितल्या," बार्डस्ली सावकाश म्हणाला.

"डकवर्थला सांगितलं हे सगळं. तो म्हणतो, क्लेग, तू किती प्यायला होतास? मी म्हटलं, साहेब, मी पिऊन बायकोला विसरेन, पायऱ्यांना नाही!"

"मागच्या अंगणातून गेला असेल?"

"तिथल्या दाराला घंटा आहे. ती इथं माझ्या डोक्यावर वाजते, आणि तिचा आवाज गुत्त्यापर्यंत येतो. शनिवारी दुपारी एकदाच वाजली, लोमॅक्ससाहेब निघाले तेव्हा. घाईत होते. एरवी कसे, 'क्लेग, कुलूप बघ, क्लेग, दिवे बघ.' काल काही बोललेच नाहीत."

बार्डस्लीनं मनात हिशेब मांडला. दोन दारं, आणि विल्फ दोन्हींतून बाहेर पडला नव्हता. म्हणजे तो आत होता. शनिवारपासून. अन्नावाचून, पाण्यावाचून. किंवा त्याला आता पाणी लागतच नव्हतं.

"अजून एक सांगू?" क्लेग आवाज खाली आणून म्हणाला. "शुक्रवारी धाकटे मालक आणि तुमचे जावई, दोघांची चांगली जुंपली होती. मालक ओरडले, 'तुझे आकडे बदल, नाहीतर बघून घेईन.'"

४

धाकटे मालक रेजिनल्ड टनिक्लिफ गावाबाहेरच्या बंगल्यात पाहुण्यांबरोबर टेनिस खेळत होते. बार्डस्लीला त्यांनी हिरवळीवरच उभं ठेवलं.

"हो, ओरडलो," ते म्हणाले. "का नाही ओरडणार? गिऱ्हाईक सह्या करायला बसलंय, आणि हा पोरगा म्हणतो, इमारतीचं बाहेरचं माप आणि आतलं माप जुळत नाही, जुळेपर्यंत नकाशा देणार नाही. अरे, भिंती जाड असतील! तुम्हाला काय वाटतं, मी त्याला मारून भिंतीत चिणलं?"

"मला अजून काही वाटत नाही. मला फक्त तो हवाय."

"मग पोलिसांकडे जा. मी शनिवारी गावातच नव्हतो. सकाळीच इथं आलो, या सगळ्यांना विचारा." पाहुण्यांनी माना हलवल्या. "हे बघा, बार्डस्ली, त्या काळ्या पेटाऱ्यातून मला सुटायचंय. मी तिथं कधी धड एक दिवस बसलो नाही. कुठली खोली कुठं आहे हेही मला माहीत नाही. वडिलांचं सगळं लोमॅक्सला पाठ. त्याला विचारा."

"विचारलं. लोमॅक्स राहतात कुठं?"

रेजिनल्डनं हवेत हात उडवला. "चोर्ल्टनच्या बाजूला कुठंतरी, दारात लायलॅकचं झाड असलेलं घर. लहानपणी त्याची बायको मला केक द्यायची. चांगली होती बिचारी."

बार्डस्ली परत आला तेव्हा हेट्टी त्याच बाकावर बसून होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली होती. तिनं वर बघून बापाचा चेहरा वाचला. मग एकदम त्याच्या कोटाची बाही घट्ट धरून ती म्हणाली, "बाबा, तो आत आहे. मला माहितीये. भिंती फोडा. इमारत पाडा हवं तर!"

बार्डस्ली डकवर्थकडे गेला, हातापाया पडला. डकवर्थनं शिपाई दिले. त्यांनी पुन्हा प्रत्येक मजला पालथा घातला, मालाच्या लिफ्टचा खड्डा कंदील सोडून बघितला, तागे उपसले. बार्डस्ली भिंतींवर मुठी आपटत विल्फच्या नावानं ओरडत फिरला. घसा बसला. जाड विटांच्या भिंतींतून आवाज आला नाही.

"सर," डकवर्थ म्हणाला, "आता पुरे. तो इथं नाही."

५

सोमवारी सकाळी लायलॅकच्या झाडाच्या घराचं दार एका जाड बाईनं उघडलं. हात पिठानं माखलेले, मागे पोरांचा गोंगाट.

"लोमॅक्स? अहो, ते कधीच गेले! आमची ही मधली इथंच जन्मली, आता शाळेत जाते. त्यांची बायको आजारी होती ना, सगळं तिच्या औषधात गेलं. ती गेली, मग घरही गेलं. फार सज्जन माणूस. जाताना अंगणसुद्धा झाडून गेले."

"कुठं गेले काही म्हणाले?"

"म्हणाले, कामाच्या जवळ राहायला जातो."

बार्डस्ली ट्राममध्ये बसला तेव्हा त्याच्या डोक्यात घण पडत होते. अंगात नवे कपडे, हातात फुलांच्या टोपल्या घेतलेल्या पोरी त्याच्याभोवती किलबिलत होत्या आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. मालकाला कारभाऱ्याचं घर गेल्याचा पत्ता नव्हता. क्लेगलाही नसावा, नाहीतर त्याच्या पोटात राहिलं नसतं. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, कडक कॉलर लावून कामावर हजर. मग काल, सुट्टीच्या दिवशीच, कॉलर मळकी का? दाढी का वाढलेली?

कारण त्याचा वस्तरा आणि त्याच्या कॉलरी अशा ठिकाणी होत्या, जिथं जायची शनिवारपासून त्याची छाती होत नव्हती.

कामाच्या जवळ. बाहेरून मोठं, आतून लहान. बार्डस्ली ट्राममध्येच ताडकन उठला, आणि एका पोरीची टोपली लवंडली.

लोमॅक्स टनिक्लिफ हाउसमध्येच राहत होता. विल्फला ती खोली सापडली होती. पण कुठं? डकवर्थ दोनदा हरला होता, आणि काल स्वतः बार्डस्लीही हरला होता. लोमॅक्सला धरून विचारावं, तर तो सापडायला हवा. शहरभर व्हिटच्या मिरवणुका, लाखो माणसं रस्त्यावर, आणि ज्याला घरच नाही त्याला शोधायचं कुठं?

६

मिरवणूक टनिक्लिफ हाउसच्या समोरूनच जात होती. पितळी बँड कानठळ्या बसवत होता. रेशमी निशाणांच्या दोऱ्या धरून पांढऱ्या झग्यांतल्या मुली चालल्या होत्या आणि बायका ओरडून आपापल्या पोरींना हाका मारत होत्या. बाकावर हेट्टी बुटांचं खोकं शेजारी ठेवून, दोन्ही हात पोटावर धरून बसली होती, पायांत त्याच सपाता. तिच्या ओठांना रंग राहिला नव्हता.

"कळा?" बार्डस्ली घाबरून म्हणाला.

"नाही. अजून नाही. बाबा, तो ओरडत असेल तरी या बँडमध्ये कुणाला ऐकू जाणार?"

बार्डस्लीनं तिचा हात धरला आणि हताशपणे वर बघितलं. त्या काळ्या भिंतीकडे, त्या खिडक्यांच्या रांगांकडे. तरुणपणी या रस्त्यावर त्याची गस्त असे. डोळे सवयीनं दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात गेले, झोपाळू डोळ्याकडे. ती खोटी खिडकी. मागे धुराडं असल्यामुळे तिथं खोली काढता आली नाही, पण दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसायला हवी, म्हणून नुसती चौकट आणि काच बसवली, असं सगळे सांगत. काचेमागे वरच्या अर्ध्या भागात फिका पडदा, खालचा अर्धा काळाठिक्कर. पेंगुळल्यासारखी दिसे. त्याच्या बापाच्या वेळेपासून तशीच.

त्यानं कोपऱ्यातली खिडकी शोधली. मग दुसऱ्या टोकापासून पुन्हा शोधली. झोपाळू डोळा जागेवर नव्हता.

सगळ्या खिडक्यांवर फिके पडदे, खालपर्यंत, एका ओळीत, एकसारखे. कोपऱ्यातल्या खिडकीवरही. म्हणूनच दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्यासुद्धा.

"हेट्टी," बार्डस्ली म्हणाला. "खोट्या खिडकीचा पडदा कुणी ओढला?"

"काय?"

"खोट्या खिडकीचा पडदा कसा हलेल? मागे माणूस उभा राहू शकत असेल तरच हलेल! रेजिनल्डला खोल्यासुद्धा माहीत नाहीत. क्लेगला पायऱ्या कळतात, पडदे नाही. खोली सोडली की पडदा ओढायचा, हे एकाच माणसाच्या हातात मुरलंय. घाबरला, पळाला, सगळं विसरला, पण हात विसरले नाहीत."

त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. हजारो माणसं मिरवणुकीकडे बघत होती. दिव्याच्या खांबाजवळ एकच उंच माणूस मिरवणुकीकडे पाठ करून वर बघत उभा होता. कॉलर आता पार काळी पडली होती.

बार्डस्लीनं गर्दी फाडत जाऊन त्याची कॉलरच धरली. "पडदा का ओढलात, लोमॅक्स?"

"पडदा?" लोमॅक्सनं वळून कोपऱ्यातल्या खिडकीकडे बघितलं, नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. दोन दिवस बघत असूनही त्याला ते दिसलं नव्हतं. "मी ओढला? तो पडदा मी कधीच हलवत नाही. बाहेरून दिसेल म्हणून. कधीच नाही..."

"तो जिवंत आहे का?"

"हलत नव्हता. रक्त होतं. मी हात लावून बघितलं नाही, साहेब. मला धीर झाला नाही."

"दोन दिवस!" बार्डस्ली ओरडला. त्याची मूठ वळली होती. "दोन दिवस माझी पोर या बाकावर बसलीय, तिच्यासमोर तुम्ही किल्ल्या वाजवत हिंडलात! का?"

"त्यांनी माझा बिछाना बघितला," लोमॅक्स पुटपुटला. "वाळत घातलेले मोजे. म्हणाले, 'अरे बापरे, लोमॅक्ससाहेब, तुम्ही इथं राहता?' मी म्हटलं, कृपा करून कुणाला सांगू नका. ते म्हणाले, नकाशात खोली तर दाखवावीच लागेल. मी नुसतं ढकललं. आत लोखंडी पायऱ्या आहेत. त्यांचा कोट, टोपी सगळं खाली नेऊन ठेवलं, आणि बाहेर येऊन दार लावलं. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तेव्हा तेवढंच होतं."

हेट्टी कधी उठून मागे आली ते बार्डस्लीला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. "चला," एवढंच म्हणाली.

"तू नाही. त्या जिन्यावर तू चढायचं नाहीस." आत काय दिसेल ते बार्डस्लीला तिला दाखवायचं नव्हतं. "इथं उभी राहा आणि त्या खिडकीकडे बघ. जिवंत असेल तर मी पडदा वर करीन."

"आणि नसेल तर?"

लोमॅक्सचा दंड धरून बार्डस्ली पायऱ्यांकडे पळाला. कमानीत बसलेल्या क्लेगनं आपल्या कोऱ्या पायऱ्यांवर चार मळके बूट पडताना पाहिले आणि तोंड उघडलं. बार्डस्लीचा चेहरा दिसताच ते मिटून तोही मागोमाग धावला.

७

संगमरवरी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भिंतीला ओकच्या लाकडाचं अस्तर होतं. लोमॅक्सनं एका नक्षीच्या फुलावर अंगठा दाबला आणि फळी आत सरकली. थोरल्या टनिक्लिफनं ही खोली धुराड्याच्या नावाखाली मुद्दाम बांधून घेतली होती. मोसमाचे नवे नमुने तो मोजक्या गिऱ्हाइकांना इथं गुपचूप दाखवी, आणि चहाचा ट्रे आणायला एकट्या पोऱ्या लोमॅक्सला परवानगी होती.

आत अंधार होता, आणि वास. बार्डस्ली पायऱ्यांवरून जवळजवळ पडतच खाली उतरला.

"विल्फ!"

डोळे सरावले तसं दिसू लागलं. अरुंद खाट, भिंतीवर एका बाईचा फोटो, ओळीनं लावलेल्या स्वच्छ कॉलरी. आणि पायऱ्यांच्या तळाशी, हातपाय पसरून विल्फ. एक पाय भलत्याच कोनात वळलेला. कपाळावर रक्त वाळून काळं झालेलं. त्याच्या हाताशी एक पाण्याचा तांब्या आडवा पडला होता, रिकामा. तोंड धुण्याच्या पाण्याचा, लोमॅक्सचा.

बार्डस्लीनं गुडघे टेकले. ते कडकडले, त्याला जाणवलं नाही. विल्फच्या गळ्याला बोटं लावली. नाडी लागते की नाही ते कळेना. बाहेर बँड जोरात वाजत होता. त्यानं कान विल्फच्या ओठांना लावला.

"...सासरेबुवा," कोरडा, फाटलेला आवाज आला. "खोली आहे. मी म्हटलं होतं. माप बरोबर होतं."

बार्डस्लीला हुंदका आला. एवढा म्हातारा माणूस, चोर-खुन्यांना घाम फोडलेला, त्यानं जावयाचं डोकं छातीशी धरलं आणि धाय मोकलून रडला. "बरोबर होतं रे, पोरा. अगदी बरोबर होतं. क्लेग! डॉक्टर आण! पळ!"

क्लेग पळाला. वर दारात लोमॅक्स चौकटीला धरून खाली बसला होता. "जिवंत आहेत?" तो विचारत होता. "साहेब, जिवंत आहेत ना?"

एकदम बार्डस्लीला हेट्टी आठवली. खाली रस्त्यावर, डोळे वर लावून. किती वेळ गेला होता? तो धडपडत खिडकीशी गेला, आतला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खाली लावलेलं काळं कापड टरकावून काढलं आणि दोरी धरून पडदा वर लोटू लागला. पडदा हलेना. त्यानं हिसडा दिला. गुंडाळी अडकून बसली. "वर जा ना, मेल्या!" तो ओरडला. फटीतून त्याला खाली दिव्याचा खांब दिसत होता आणि खांबाला टेकलेली हेट्टी. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"असा नाही जात तो, साहेब."

लोमॅक्स पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी उभा होता. बार्डस्लीनं त्याच्याकडे बघितलं. गळा दाबावा असं वाटलं त्याला, अगदी मनापासून वाटलं. मग तो बाजूला झाला.

लोमॅक्सनं दोरी दोन बोटांत धरली. "आधी थोडा खाली घ्यायचा," तो हळूच म्हणाला. "मग सोडायचा."

पडदा सरसर वर गेला. खोलीत भरदुपारचं ऊन शिरलं. लोमॅक्सनं पुढे होऊन खिडकीची खिटी काढली, वर्षानुवर्षांची काजळी झडली आणि तावदान उघडलं. मग तो मागे सरकून भिंतीला लागून उभा राहिला, हात पुढे बांधून, पोलीस येण्याची वाट बघत.

बार्डस्लीनं बाहेर वाकून दोन्ही हात हलवले. खाली निशाणं, फुलं, पांढरे झगे, आणि बँड तर आता थेट खिडकीखाली आला होता. तरीही त्याला लेकीची हाक ऐकू आली. ती त्याला नव्हती. ती विल्फच्या नावानं ओरडत होती.

जमिनीवरून विल्फनं मान उचलायचा प्रयत्न केला. "हेट्टी आहे का ती?"

"तीच," बार्डस्ली डोळे पुसत म्हणाला. "पायांत सपाता घालून आलीय. तुझे नवे बूट घेऊन."